दादाला आणायला गेलो तेव्हा

नागपूरच्या माणसाजवळ दुसरं काही नसलं तरी उन्हाचा माज असतो. आमच्या बाबांजवळ तो जरा जास्तच होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं की त्यांना उलट हुरूप यायचा. अजनीला रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढायची त्यांची नोकरी. केबिनला चारही बाजूंनी काचा आणि डोक्यावर पत्रा. तिथून भर दुपारी सायकल मारत नंदनवन मोहल्ल्यात घरी यायचे. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, आणि लू लागू नये म्हणून खिशात कांदा. दारातून आत येता येता म्हणायचे, आज काही खास नाही, आज तर हवा आहे. बाहेरगावचा पाहुणा उकाड्याबद्दल कुरकुरला की बाबांचा चेहरा असा खुलायचा, जणू सूर्य आमच्या मालकीचा आहे आणि पाहुण्याने त्याची तारीफ केली. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे या माजानेच आमची फजिती केली.

घर म्हणजे दोन खोल्या, मागे मोरी, पुढे आंगण. उन्हाळ्यात सगळा संसार आंगणात यायचा. संध्याकाळी आई पाणी शिंपडायची, मग खाटा निघायच्या, मग शेजारपाजारचे लोक येऊन त्याच खाटांवर बसायचे आणि आम्ही खाली. आतल्या खोलीत कूलर होता. तो लावला की रेतीचा ट्रक घरात शिरल्यासारखा आवाज, त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. मी अजूनही बोलते. माझी सून म्हणते, आई, तुम्हाला फोनची गरजच नाही, खिडकी उघडून बोला, पुण्याला ऐकू जाईल. या गलक्यात एकच माणूस कमी बोलायचा, तो म्हणजे दादा. माझा मोठा भाऊ, मधुकर. आयटीआय करून तो घरीच रेडिओ दुरुस्त करायचा. अर्ध्या मोहल्ल्याचे रेडिओ आमच्या पडवीत पोट उघडं टाकून पडलेले असत. दिवसभर त्यांची खरखर चालायची आणि मध्येच कुणीतरी एकदम स्वच्छ आवाजात बातम्या सांगायला लागायचं. आंब्याच्या दिवसांत आई सरगुंडे करायची. कणीक काडीवर गुंडाळून, वाळवून, मग उकडून केलेले ते सरगुंडे आमरसात बुडवून खायचे. दादा स्वतःच्या वाटीतला अर्धा रस मला द्यायचा आणि काहीही विचारलं की "पाहू" म्हणायचा. दादाचं "पाहू" म्हणजे हो की नाही, हे आमच्या घरात कधी कुणाला कळलं नाही. तसं तर मला त्या वयात पुष्कळच काही कळत नव्हतं, पण मोठ्यांना तरी कळत असेल असा माझा समज होता.

अशा या दादाने एक दिवस सांगितलं, की त्याला लाईट हाऊसमध्ये नोकरी लागली. परीक्षा केव्हा दिली, अर्ज केव्हा केला, कुणाला पत्ता नाही. आमच्या गल्लीत तेव्हा समुद्र पाहिलेला माणूस नव्हता. शेजारच्या शांताबाईंनी आईला विचारलं, की एवढं शिकून पोट्टा बल्ब लावायला चालला का? आईने तोऱ्यात उत्तर दिलं, सरकारी बल्ब आहे. पण रात्री तीच आई बाबांना विचारत होती, की समुद्राच्या काठी दिवा कायले लागते, समुद्रात कोण राहते? रत्नागिरीच्या बाजूच्या एका किल्ल्यावर त्याची नेमणूक झाली. किल्ल्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिकडचे लोक फार बारकाईने वाचतात, बुरूज चुकला तरी पत्र टाकतात.

दादा गेला आणि पडवीतली खरखर बंद झाली. रेडिओ हळूहळू ज्याचे त्याने नेले. आईचा हात मात्र सुधरेना, भाकऱ्या रोज जास्तच व्हायच्या. पहिल्या दिवाळीला त्याला रजा मिळाली नाही, दुसऱ्या दिवाळीला म्हणे जोडीदाराची पाळी होती. पोळा गेला, अक्षय तृतीया गेली. बाबा ड्यूटीवरून आले की सायकल लावता लावता पडवीकडे एक नजर टाकायचे. मग एका उन्हाळ्यात ते गांधीबागेत कापडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे जाऊन आले. ओळखीचे शेठ होते, त्यांना दुकानात विश्वासाचा पोरगा हवा होता. बाबांनी शब्द देऊन टाकला, की महिना संपायच्या आत मुलगा आणून उभा करतो. घरी येऊन पन्हं पिता पिता आम्हाला म्हणाले, "चला, पास काढतो. मधूले घेऊन येऊ." दुरुस्तीला टाकलेली सायकल आणायला जावं तसं.

मला एवढा आनंद झाला की मी गल्लीभर सांगत सुटले. पण दुसऱ्याच दिवसापासून माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला, तो आईमुळे. आई बांधाबांध करत होती. वाटेसाठी तिखट पुऱ्या, सांबारवड्या, गूळ-शेंगदाणे, हे सगळं ठीक. पण तिने कुरड्यांचा अख्खा डबा घेतला, सांडगे घेतले, पापड घेतले, भिवापुरी मिरचीचं तिखट घेतलं आणि कैरीच्या लोणच्याची एक मोठी बरणी कापडात गुंडाळून घेतली. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढं. मी विचारलं, दादाला तर आपण घेऊन येणार ना, मग हे तिकडे कोण खाणार? ती म्हणाली, तू जास्त अक्कल नको लावू. बाबांनी ती बरणी पाहिली. वजन किती आहे म्हणून कुरकुरले, पण कायले नेऊन राहिली म्हणून विचारलं नाही. उलट स्वतःच उचलून ट्रंकेशेजारी ठेवली.

कोल्हापूरपर्यंत रेल्वे, तिथून एसटी. घाटात आई खिडकीला डोकं लावून ओकत होती आणि बाबा कंडक्टरला नागपूरचं ऊन समजावून सांगत होते. समुद्र मला पहिल्यांदा एका वळणावर दिसला. लोक म्हणतात, पहिल्यांदा समुद्र पाहिला की असं होतं न् तसं होतं. मला काहीच झालं नाही. अंबाझरीचा तलाव कुणीतरी वाढवून ठेवलाय, एवढंच वाटलं, आणि काहीच वाटलं नाही म्हणून वाईट वाटलं. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरा आहे." आईने डोळे उघडलेच नाहीत.

दादा स्टँडवर आला होता. काळा झाला होता, वाळला होता, आणि पाया पडून उठल्यावर म्हणाला, "मला वाटलं गाडी उशिरा येईल." मला! आमच्या घरात जन्मापासून मले-तुले चालायचं. आई त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. शाळेत बाईंशी बोलावं तसा तो आमच्याशी बोलत होता. वर किल्ल्यात जायला लाल चिऱ्याची चढण, मग मोठा दरवाजा, आत देवीचं देऊळ, पडलेली तटबंदी, गवतात लोळणारी एक तोफ, आणि पार टोकाला, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या उंचवट्यावर, पांढरा उंच मनोरा. मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन बिऱ्हाडं. एकात दादा, दुसऱ्यात त्याचे वरिष्ठ साळवीकाका आणि काकू. दादाची खोली पाहून आईचा आणखी गोंधळ उडाला. तिला वाटलं होतं, पोरगा उकिरड्यात राहत असेल. इथे भांडी घासून पालथी घातलेली, खाटेवर चादर ताणलेली, डब्यात सांबार पेरलेला. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आईने हाताने सारवल्यासारखं करून ओटा पुन्हा पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

मी वाट पाहत होते, की आता बाबा विषय काढतील. चहा झाला, काढला नाही. जेवणं झाली, काढला नाही. जेवताना ते साळवीकाकांना अजनीच्या केबिनबद्दल सांगत राहिले, आणि दादा खाली मान घालून कुरड्या खात राहिला. नंतर बाबा मला एका बाजूला घेऊन म्हणाले, की तू सहज त्याच्याजवळ गांधीबागेची गोष्ट काढून पाहा, तुझ्याजवळ बोलते तो. मी वळले तर आईने दंडाला धरलं आणि म्हणाली, तू त्याच्याजवळ एक शब्द काढू नको. आता सांगा, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीने काय करावं? मी किल्ल्यातल्या विहिरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने तिथे दादाच आला आणि त्याने विचारलं, "बाबा रजा काढत नाहीत कधी. काहून आले गं?" काहून म्हणाला आणि पुढे गं लावला, अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. मी म्हटलं, समुद्र पाहाले. तो हसला. त्याला सगळं माहीत होतं असं मला वाटलं, आणि लगेच वाटलं की काहीच माहीत नसेल.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून दादा झोपला होता. आई साळवीकाकूंकडे माशांचा वास नाकात जाऊ न देता गप्पा मारायचा प्रयत्न करत होती. बाबांना बसवेना. म्हणाले, चल बेबी, किल्ला पाहून येऊ. सूर्य डोक्यावर आला होता. साळवीकाका म्हणाले, आता नका जाऊ, ऊन उतरल्यावर जा, निदान तांब्याभर पाणी तरी पिऊन जा. बाबा दिलखुलास हसले. हे ऊन? नागपूरला एवढं ऊन पहाटे पडते, असं काहीतरी म्हणाले. दुपट्टासुद्धा घेतला नाही. कांदा काढून ओट्यावर ठेवला, इथे त्याची काय गरज?

आता कळतं. आमच्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो तो दिसायच्या आत वाळतो, आणि माणूस तहानेने आपोआप माठाकडे धावतो. तिकडची हवा ओली, घाम अंगावरच राहतो, वाहत राहतो, आणि वाऱ्यामुळे वाटतं की किती गार आहे. बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते मला दाखवून खूश होत होते, की पाहा, कसा घाम निघून राहिला, तब्येतीला चांगलं असते. असं करत आम्ही तटावरून पार दुसऱ्या टोकाच्या बुरुजापर्यंत गेलो. तिथे बसून बाबांनी मला, दादाशी काय बोलायचं, ते म्हणून दाखवायला सुरुवात केली. माझा बाप, जो पाहुण्यांना तास तास ऊन सांगायचा, त्याला पोराशी बोलायचं एक वाक्य जुळवता येत नव्हतं. आधी म्हणाले, मी त्याले म्हणीन का शेठनं जागा ठेवली आहे. मग म्हणाले, नाही, असं नाही, मी म्हणीन का तुझ्या आईचं मन लागत नाही. मग तेही पुसलं. "आईचं नाव कायले सांगू?" म्हणाले. "मलेच करमत नाही, असं सांगतो. नाही का वं?" मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आणि मग एकदम विचारलं, की आता कोणती गाडी येऊन राहिली?

मला वाटलं, गंमत करतात. पण त्यांचे पाय आखडले होते, पोटऱ्यांत गोळे आले होते आणि चेहरा राखेसारखा झाला होता. उठायला गेले आणि ओकले, आणि तिथेच तटाच्या दगडाला पाठ लावून खाली घसरले. मी ओरडत पळाले. चप्पल कुठे पडली कळलं नाही. दादा बनियनवरच धावत आला, मागून साळवीकाका. दोघांनी बाबांना उचलून आणलं आणि दादाच्या खाटेवर टाकलं. खालच्या गावातून डॉक्टर आले. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने द्यायला सांगितलं आणि म्हणाले, अंगातलं पाणी आणि मीठ गेलंय. संध्याकाळपर्यंत लघवी झाली, शुद्ध नीट आली, तर ठीक, नाहीतर रत्नागिरीला हलवावं लागेल, सलाईन लावावं लागेल. गाडीची सोय करायला साळवीकाका डॉक्टरांबरोबर खाली उतरले.

ती दुपार मी कशी काढली मला विचारू नका. आई एका बाजूने चमचा धरून, दादा दुसऱ्या बाजूने पाय चोळत. बाबा डोळे मिटूनच, केबिनमध्ये असल्यासारखे विचारायचे, "लाईन क्लियर दिली का?" आणि दादा दर वेळी म्हणायचा, "दिली, बाबा." पुन्हा थोड्या वेळाने तेच. एकदा त्यांनी दादाला केबिनमधल्या जोडीदाराच्या नावाने हाक मारली, दादाने तिलाही ओ दिली. मी दाराशी उभी होते. मनात म्हणत होते, देवा, बाबा नीट होऊ दे. आणि त्याच्याच पोटात दुसरं वाटत होतं, की आता तर दादा येईलच, आजारी बापाला सोडून कोण राहील. मला स्वतःची लाज वाटली आणि तरी ते वाटणं काही गेलं नाही.

ऊन तिरपं झालं. दादाने एकदा खिडकीतून बाहेर पाहिलं, मग पुन्हा एकदा. मग बाबांचे पाय चादरीखाली घातले आणि उठून खुंटीवरचा शर्ट काढला. आईने विचारलं, कुठे? तो म्हणाला, "आई, दिवा लावाचा आहे."

आईला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा तिचा आवाज चढला. बाप इथे पडला आहे, घडीचा भरोसा नाही, आणि तू बल्ब लावायला चालला? त्या साळवींना करू दे. दादा म्हणाला, काका खाली गेले, मी एकटाच आहे. आई म्हणाली, मग एक दिवस नको लागू देऊ, कोणाचं काय अडते? दादा शर्टाची बटणं लावत उभा राहिला, वरचं बटण खालच्या घरात गेलं होतं. तेव्हा खाटेवरून बाबांचा आवाज आला. डोळे उघडे होते, आणि शुद्धीत होते.

"जाऊ दे त्याले," ते म्हणाले.

आई गर्रकन त्यांच्याकडे वळली. एवढा वेळ जी बाई त्यांच्या तोंडात पाणी घालत होती, ती त्यांच्यावरच तुटून पडली. "तुमच्यावरच गेला तो! सासूबाईंचा जीव चालला होता तवा तुम्ही केबिनमधून हलले नव्हते. मी एकटी होती त्यांच्यापाशी. पाणी मी घातलं त्यांच्या तोंडात." बाबांनी डोळे मिटले. मला आजी गेली तेव्हाचं काही आठवत नव्हतं, मी फार लहान होते, आणि ही गोष्ट घरात कधी कुणी बोललं नव्हतं. आई इतकी वर्षं ते पोटात घेऊन भाकऱ्या थापत होती, आणि नेमकी इथे, या परक्या खोलीत, ती ते बोलली. ती दादावर चिडली होती, की बाबांवर, की दोघांवर, मला समजेना. बोलून झाल्यावर तिने पदराने बाबांच्याच कपाळाचा घाम पुसला.

दादा निघून गेला होता. मी त्याच्या मागे पळाले, त्याला ओढून परत आणायच्या इराद्याने. मनोऱ्याचा जिना आत गोल गोल वर जातो. चढता चढता माझी दिशाच हरवली, समुद्र कुठे आणि किल्ला कुठे. वर पोचले तेव्हा दादा काचेच्या खोलीतले पडदे एकेक करून सरकवत होता. दिवसा ते पडदे ओढून ठेवावे लागतात, नाहीतर भिंगातून ऊन एका जागी येऊन आग लागते, हे त्याने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मधोमध ते भिंग, काचेच्या पट्ट्यापट्ट्यांचं, माणसापेक्षा उंच. दादाने फडक्याने एक कडा पुसली, खटका दाबला, आणि ते सगळं धूड मुळीच आवाज न करता फिरायला लागलं. आमच्या घरच्या कूलरपेक्षा कितीतरी मोठं, आणि मुळीच आवाज नाही. मला त्या शांततेचा राग आला.

मी पाहिलं तर तो रडत होता, नाक पुसायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याच फडक्याने पुसत होता. मी विचारायला नको तेव्हा विचारलं. "दादा, तू येशीन का नाही घरी?"

मला वाटलं, आता "पाहू" म्हणेल. पण तो फिरणाऱ्या दिव्याकडे पाहत आमच्या भाषेत, अगदी नंदनवनातल्या आंगणात बसल्यासारखा म्हणाला, "मले माहीत नाही, बेबी. तिकडे होतो तवा इकडची ओढ लागे. आता इकडे आहो तर रात्री पडवी दिसते. तुले काय वाटते?"

मला काय वाटणार? मोठ्या माणसाला स्वतःचंच मन माहीत नसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि मी घाबरले. आज माझे केस पांढरे झाले, माझी पोरं मला विचारतात, आई, काय करू, इकडे राहू की बाहेर जाऊ, आणि मी त्यांना ठामपणे उत्तर देते. ती उत्तरं मी कुठून आणते, माझं मला ठाऊक. आम्ही खाली उतरलो तेव्हा बाबांना उठवून बसवलं होतं आणि आई त्यांना दटावत पेज पाजत होती. साळवीकाका गाडी घेऊन आले, पण ती रिकामीच परत गेली.

बाबांना बरं व्हायला पुढचे दोन-तीन दिवस लागले. त्या दिवसांत ते दारात खुर्ची टाकून बसायचे, डोक्याला दुपट्टा बांधून, हातात पाण्याचा तांब्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नागपूरच्या उन्हाबद्दल एक अक्षर सांगायचे नाहीत. दादा वर जाताना दिसला की मान वर करून पाहायचे आणि तो दिसेनासा झाला तरी पाहत राहायचे. गांधीबागेचं नाव नाही. आई-बाबांचं रात्री काही बोलणं झालं का, तेही मला कळलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की निघायच्या दिवशी बाबा विषय काढतील. आजाऱ्याला दादा नाही म्हणू शकणार नाही. त्याची ट्रंक खाटेखालीच होती, भरायला किती वेळ लागतो? मी तर त्याचे दोन शर्ट गुपचूप घडी करून वर काढूनही ठेवले होते.

निघायच्या सकाळी मी उठून पाहते, तर आई त्याच्या फळीवर डबे लावत होती. कुरड्या मागे, पापड पुढे, लोणच्याची बरणी भिंतीला टेकून, उन्हापासून लांब. तिखटाच्या डब्यावर तिने झाकण दोनदा दाबून बसवलं, कारण तिकडे दमट हवेत लवकर गोळे होतात, असं काकूंनी सांगितलं होतं. मी काढून ठेवलेले शर्ट परत खुंटीवर होते. मी बाबांकडे गेले. ते चपला घालत होते. मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही बोलणार होते ना? ते म्हणाले, हो, बोलतो न. आणि दुसऱ्या पायात चप्पल घातली.

साळवीकाका खाली रिक्षा थांबवून होते. आमचं सामान दारात आलं. येताना होतं त्याच्या अर्धंही नव्हतं. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. तेवढ्यात दादा आतून वाटी घेऊन आला. वाटीत दही होतं, काकूंकडून मागून आणलेलं, वर साखर घातलेली. आमच्याकडे कुणी परगावी निघालं की घरात मागे राहणारं माणूस त्याच्या हातावर दही घालतं. आजवर ते आईनेच घातलं होतं. दादा पहिल्यांदा नोकरीवर निघाला तेव्हाही तिनेच. तो चमचा दादाच्या हातात मी कधी पाहिला नव्हता. त्याने बाबांसमोर उभं राहून चमचा पुढे केला.

बाबांनी त्या चमच्याकडे पाहिलं. दादाकडे पाहिलं. मग उजव्या हातावरून डावा हात फिरवून तो पुसला आणि पुढे केला. दही चाटलं, तळवा साफ केला, आणि बाजूला होऊन आईला जागा करून दिली. आईने पदर सारखा करून हात पुढे केला. तिचे डोळे वाहत होते, पण तिने दही घेतलं.

मग दादा माझ्याकडे आला. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि म्हटलं, मी नाही घेत. तो चमच्यातलं दही काठावरून गळायला लागलं तरी तसाच थांबला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, की हा खूश आहे का, की वाईट वाटतंय, की मी नाही म्हटल्याचं त्याला बरंच वाटलं. मला काही वाचता आलं नाही. खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. तेव्हा बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"घे वं, बेबी," ते म्हणाले. "घरून निघतांनी नाही म्हणू नाही."

मी हात पुढे केला.